रेड्यासमोरची चौकशी

दिवेलागणीला लालासाहेबांचा फोन यायचा होता. त्याआधी सुभेदार नानासोंना आपली एकुलती एक मुलगी त्यांच्या मुलाला द्यायची की नाही, हे ठरवायचं होतं. होकार गेला की उद्या सकाळी कवठे महांकाळहून गाड्या निघणार, औंधला येणार आणि सुपारी फुटणार. एकदा ती फुटली की माघार नाही; निदान चारचौघांत बसणाऱ्या माणसाला नाही.

चौकशी रीतसर झाली होती. म्हणजे नानासो मुलाच्या गावी गेले, टपरीवर चहा प्यायले, सोसायटीत बसले, नको असताना दाढी करून घेतली, आणि गावाने एकमुखाने सांगितलं की यशराज म्हणजे सोनं. गावं असंच सांगतात. कुणाचं जमत आलेलं मोडायचं पाप कोण घेणार? एका न्हाव्याने तेवढा साबण लावता लावता पुढचा तपशील दिला होता: "सांगलीला ट्रॅक्टरच्या शोरूमला मॅनेजर हाय. सोभाव गरीब. फकस्त रविवारी दुपारचा कंप्युटरवर गेम खेळतोय, लढाईचा. लय मोठा म्होरक्या हाय म्हनं त्यातला."

नानासोंनी हे घरी विनोद म्हणून सांगितलं. बायको संयोगिता हसली. मुलगी राजनंदिनी हसली नाही. ती साताऱ्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होती आणि विनोदाकडेही पुरावा असल्यासारखं बघायची.

"कुठला गेम? आणि त्यांच्या पलटणीचं नाव काय?"

"मला काय ठावं?"

दोन्ही गोष्टी तिने संध्याकाळपर्यंत शोधून काढल्या. मग म्हणाली, "आप्पा, खरी चौकशी तिथंच करा. तिथं कोण कुणाला ओळखत नाही, त्यामुळं माणूस आहे तसा बोलतो."

मग असं उघड झालं की हॉस्टेलला असताना राजनंदिनी हाच गेम वर्षानुवर्षं खेळली होती. नानासोंच्या समजुतीप्रमाणे त्या काळात ती अभ्यास करत होती. पण मुलीचं लग्न तोंडावर असताना जुनी प्रकरणं उकरायची नसतात, एवढी समज सैन्याने त्यांना दिली होती.

तिने त्यांना गेममधल्या आपल्या जुन्या खात्यातून एक ढालकरी काढून दिला, नाव खंडेराव. नव्या गड्याच्या अंगावर पहिल्या गावात फुकट मिळणारं चामड्याचं जाकीट आणि मडक्याच्या झाकणाएवढी ढाल. "ह्यो बघून आपल्याला कोन पलटनीत घील?" नानासोंनी विचारलं.

"घेतील. खाली काय घातलंय आणि वर काय दिसतंय, हे इथं वेगळं ठेवता येतं." तिने पडद्यावर एक खिडकी उघडली. कपाटात साड्या लावाव्यात तशी तिने पूर्वी लढून मिळवलेली चिलखतं ओळीने लागली होती. त्यातलं काळंशार, खांद्यावर गिधाडाचे पंख असलेलं चिलखत तिने निवडलं आणि बटण दाबलं. खंडेराव एकदम बदलला. "बळ तेवढंच राहतं, फक्त रूप बदलतं. जाकीट आत जाकीटच आहे."

"आन् कुनी तपासलं तर?"

"एका क्लिकवर कळतं. पण हे चिलखत बघून कोणी तपासत नाही."

तसंच झालं. कलेक्टरच्या लाल दिव्याकडे ओळखपत्र कोणी मागत नाही. यशराजच्या पलटणीचा ढालकरी पाटणला बदली होऊन रेंजच्या बाहेर गेला होता. यशराजने पंख पाहिले आणि खंडेरावला विनंती करून आत घेतलं. तेव्हापासून नानासो दर रविवारी लॅपटॉपपुढे पाठ ताठ करून बसत आणि ढाल धरत. शेजारी राजनंदिनी बसे आणि ते सांगतील ते जसंच्या तसं टाईप करे. माईक बिघडलाय, असं पहिल्याच दिवशी कळवलं होतं.

आज शेवटचा रविवार होता आणि समोर राखेचा रेडा होता. डोंगराएवढा, अंगावरून राख झडतेय, आत निखारे. ढालकऱ्याने त्याच्यासमोर उभं राहून सगळ्या धडका अंगावर घ्यायच्या, म्हणजे बाकीच्यांना मागून वार करता येतात. ढालकऱ्याचं रक्त संपत आलं की वैद्याने ते भरायचं. वैद्य होती शाझिया, मिरजेची दातांची डॉक्टरीण. तिच्या पात्राच्या अंगावर साधा पांढरा झगा होता. कपडे बदलत बसायला तिला वेळ नव्हता.

"खंडेरावदादा, तुम्ही फक्त उभं राहा," स्पीकरमधून यशराजचा आवाज आला. गोड, भारदस्त आवाज. "तुम्ही पुढं असलात की पोरांना दम येतो. चला!"

रेडा आला. पहिल्या धडकेला खंडेरावचं निम्मं रक्त गेलं. शाझियाने भरलं. दुसऱ्या धडकेला पुन्हा निम्मं. तिने पुन्हा भरलं. नानासोंचा अंगठा बटणावर घामाने घसरत होता.

"ओ डॉक्टर!" आवाज तोच, पण आता त्यातला गोडवा गेला होता. "सगळी शक्ती आत्ताच उधळताय? इथं काय दात उपटायचेत? जमत नसंल तर घरी बसून भाकरी थापा."

"भाकरी पण थापते, यशराज," शाझिया म्हणाली. "आणि ती तुझ्या हिशोबापेक्षा गोल असते."

"तोंड चालतंय बरं. हात चालवा!"

पोरं हसली. नानासो हसले नाहीत. शाझियाची शक्ती उधळली जात होती ती त्यांच्या जाकिटापायी. आणि ते तिला माहीत होतं. पहिल्याच रविवारी तिने खंडेरावला एकट्याला संदेश पाठवला होता: आजोबा, तुमचं चिलखत नुसतं दिसायला आहे ना? असू द्या, मी सांभाळते. आजोबा कसं ओळखलं, असं राजनंदिनीने विचारलं, तर म्हणाली, ओके म्हणण्याऐवजी 'कळविल्याबद्दल आभारी आहे' लिहिणारा तरुण मी पाहिलेला नाही.

तिसरी धडक. "अहो बाई, झोपलाय काय?" यशराज ओरडला, आणि त्याच दमात, "दादा, तुम्ही भारी धरलंय. तुमच्यासारखा ढालकरी आख्ख्या जिल्ह्यात नाही."

लढाईत म्होरक्या ओरडणारच, नानासो स्वतः ओरडले होते. पण त्यांनी हाताखालच्यांना आणि वरच्यांना एकाच आवाजात हाका मारल्या होत्या, आणि त्यापायी त्यांची एक बढती उशिरा झाली होती. साहेब कसा आहे हे ते तो कर्नलशी कसा बोलतो यावरून कधी ठरवत नसत. लंगरातल्या कुकशी तो कसा बोलतो, ते बघत.

"नंदे, ते पंख काढ."

"काय?"

"वरचं रूप काढ. आत हाय ते दिसू दी त्यास्नी."

राजनंदिनीने त्यांच्याकडे पाहिलं. रोज संध्याकाळी यशराजचा फोन यायचा आणि ती बोलत बोलत अंगणात जायची. परत यायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही तरी उरलेलं असायचं. ते नानासोंनी पाहिलं होतं, आणि तिलाही माहीत होतं की त्यांनी पाहिलंय.

"आप्पा, आत्ता नको. सगळ्यांची मेहनत जाईल."

"त्या पोरीला माझ्यामुळं शिव्या बसत्यात. आन् मला आरती. कुठलं बटन, सांग."

रेडा मागे सरला. खुरांनी राख उकरायला लागला. चौथी धडक मोठी असते, हे यशराजने आधीच बजावलं होतं.

राजनंदिनीने बटण सांगितलं नाही. तिने स्वतः हात पुढे केला, क्षणभर तो हवेत धरला आणि दाबलं.

पंख गेले. डोंगराएवढ्या रेड्यासमोर चामड्याच्या जाकिटातला एक म्हातारा झाकण घेऊन उभा राहिला.

स्पीकरमध्ये एक पोरगा फिस्सकन हसला.

"दादा," यशराज म्हणाला, "तुमची स्क्रीन बिघडली काय?" मग त्याने एका क्लिकवर तपासलं. पुन्हा बोलला तेव्हा त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. नानासोंना राग चालला असता. एवढ्या लोकांना फसवल्यावर शिवी खायची त्यांची तयारी होती.

"पहिल्या गावातलं जाकीट आहे," यशराज म्हणाला. "ठीक आहे. सगळे ऐका. रेडा ह्याला खाईल, त्यात त्याचा थोडा वेळ जाईल. तेवढ्यात आपण मागनं मारून घेऊ. डॉक्टर, ह्याच्यावर शक्ती घालवायची नाही. मरू दे त्याला."

"अरे, ते उभे आहेत ना अजून," शाझिया म्हणाली.

"मरू दे म्हटलं ना."

"आजोबा, डावीकडं सरका, दगडामागं! मी भरतेय."

"डॉक्टर, तुम्हाला पलटणीत राहायचंय का नाही?"

ती भरत राहिली. नानासो डावीकडे सरकले नाहीत. समोरून हलायची त्यांना सवय नव्हती. रेडा आला. खंडेराव राखेत गेला. मागून पोरांनी वार केले, रेडा कोसळला आणि स्पीकरमध्ये आरोळी उठली. आरोळी चालू असतानाच पडद्यावर ओळ उमटली की खंडेराव यांना पलटणीतून काढण्यात आले आहे. तिच्याखाली लगेच दुसरी ओळ आली, शाझियाच्या नावाची.

नानासोंनी चष्मा काढला. "चुकलं त्याचं, असं न्हाई," ते म्हणाले. "जितला की. आन् खेळ हाय शेवटी. आपुनच सोंग घिऊन गेलतो."

"हो," राजनंदिनी म्हणाली.

तिचा फोन वाजला. यशराज. तिने तो टेबलावर ठेवला आणि स्पीकर लावला.

"काय करतीयस?" गोड, भारदस्त. "मी आज नुसता कंटाळलो. शोरूमची कामं, दुसरं काय."

"जिंकलात ना?"

"कशात?"

"रेड्याशी."

तो मोठ्याने, मनापासून हसला. "अगं, तू पण खेळतीस? आधी नाही बोललीस! कोण आहेस तू आमच्यात?"

"मी नव्हते. गिधाडाच्या पंखांचं चिलखत माझं आहे. हॉस्टेलला असताना मिळवलेलं."

"म्हणजे खंडेराव… ते चिलखत तू मिळवलंस? खरंच? पण मग आत कोण होतं?"

"आप्पा."

फोनमधून मागचा पंखा ऐकू यायला लागला.

"आपले आप्पा?"

"आमचे."

"अगं मग आधी सांगायचं ना!" यशराजचा आवाज आता अगदी खरा होता, त्यात भीती होती, अजिजी होती. "मला काय माहीत? माहीत असतं तर मी त्यांना मरू दिलं असतं का? मी स्वतः पुढं उभा राहिलो असतो, शप्पथ!"

नानासोंनी डोळे मिटले. पोरगं खोटं बोलत नव्हतं. तो खरंच उभा राहिला असता.

"आणि शाझियाला?" राजनंदिनीने विचारलं.

"कोण शाझिया? ती डॉक्टर? तिचं काय आता मधेच?"

"काही नाही. ठेवते." तिने फोन बंद केला आणि पालथा घालून ठेवला. मग म्हणाली, "आप्पा, मी सांगू का तुम्ही सांगताय?"

"माझं काम हाय ते."

बाहेर यमाईच्या डोंगरावर ऊन उतरणीला लागलं होतं. स्वयंपाकघरात संयोगिता उद्याच्या पुरणासाठी डाळ निवडत होती आणि इकडे एवढी शांतता का, म्हणून मधूनच थांबत होती. नानासो अंगणात जाऊन उभे राहिले. आपल्यात नकार द्यायचाही एक रिवाज आहे: पत्रिका जमत नाही म्हणायचं, म्हणजे दोष ग्रहांवर जातो आणि दोन्ही घरं मोकळी होतात. त्यांनी ते वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं.

फोन आला.

"काय सुभेदार! झाली नव्हं चौकशी?" लालासाहेबांचा आवाज शेतात बोलावं तसा मोठा होता. "मग उद्याच्याला किती गाड्या काढू?"

"काढू नका."

"आँ?"

"गाड्या काढू नका, लालासाब. आमचं न्हाई जमायचं."

"पत्रिका काय?"

तोंडाशी आयतं आलं होतं. नुसतं व्हय म्हणायचं. नानासोंनी आत बघितलं. राजनंदिनी दारात उभी होती.

"पत्रिकेला काय झालं न्हाई."

"मग आमच्या पोराबद्दल कोन काय बोललं? नाव सांगा त्येचं. आत्ता जातो त्येच्या दारात."

"कोन न्हाई बोललं. मी सोता हुतो तिथं."

"कुठं?"

नानासोंना खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायला शब्द थोडे होते. त्यांनी ते अहवाल द्यावा तसे दिले. "मी म्होरं उभा हुतो. रेडा आला. आन् तुमच्या पोरानं मला मरू दिलं."

लालासाहेबांनी आवाज एकदम खाली आणला, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसा.

"सुभेदार, तुमी बरं हाय नव्हं?"

"मी बरा हाय," नानासो म्हणाले. "पोरगी तेवढी देनार न्हाई."