तक्रारदाराचं नाव

मिर्यामने टॅब सूपच्या भांड्याला टेकवून उभा केला आणि समाजमाध्यम कंपनीचं पत्र तिसऱ्यांदा वाचायला घेतलं. समोर तिचे वडील, अव्गुस्त, चष्मा कपाळावर चढवून बसले होते. रविवारचं गोमांसाचं सूप केव्हाच निवलं होतं. त्यावर चरबीची पातळ साय धरली होती.

"सरळ भाषेत सांग," ते म्हणाले. "ही माणसं कोर्टातच जन्मली असावीत."

"आरोग्याला घातक ठरेल असा मजकूर. एका वापरकर्त्याच्या तक्रारीवरून तपासला. खातं बंद."

"एका वापरकर्त्याच्या." त्यांनी बोट वर केलं. "म्हणजे यंत्र नाही. हाडामांसाचा माणूस."

"हो."

"नाव?"

"नाव देत नाहीत, बाबा. कायद्यानेच लपवून ठेवायचं असतं. नाहीतर कुणी तक्रारच करणार नाही."

"वा! ब्रसेल्सला युरोपचे कायदे करायला एवढे शहाणे बसले, आणि काळजी कुणाची घेतली? चहाडखोरांची." त्यांनी पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला आणि तिथेच सोडून दिला. "मला नाव माहीत आहे. समोरच्या टेकडीवर राहतो. दोन गायी पाळतो."

समोरच्या टेकडीवर विन्को राहत होता. अव्गुस्तसारखाच मधपाळ, त्यांचा चाळीस वर्षांचा मित्र. मिर्याम शहरातल्या ज्या वाचनालयात काम करायची, तिथे ज्येष्ठांसाठी इंटरनेटचा वर्ग तीच घ्यायची. यंदाच्या वसंतात विन्को त्या वर्गाला आला होता. बारा पाठ होते. नववा पाठ खोट्या मजकुराची तक्रार कशी करायची याचा.

"या गावात ती बटणं दाबता येणारा तो एकच," अव्गुस्त म्हणाले. "तूच शिकवलंस. तुझा काय दोष? शाळेत चाकू धरायला शिकवलं, म्हणून मास्तरला कुणी धरत नाही."

"विन्कोकाका असं करणार नाहीत."

"खातं बंद झालं तेव्हा दारात उभा राहून शपथ घेत होता. लाल झाला होता बीटासारखा. खरं बोलणारा माणूस लाल होतो का?"

मिर्याम उठली आणि नळ सोडून पेला विसळू लागली. पेला स्वच्छच होता.

मे महिन्यात अव्गुस्तनी लिहिलं होतं की पोळ्यातल्या डिंकाचे, म्हणजे प्रोपोलिसचे, दहा थेंब रोज सकाळी घेतले की रक्तदाबाच्या गोळ्या लागत नाहीत. सोबत स्वतःचा फोटो होता: हातात पोळ्याची चौकट, चेहऱ्यावर जाळी नाही. चार हजार लोकांनी ते पुढे पाठवलं. जूनमध्ये, नेमक्या त्या नवव्या पाठाला, गावातल्याच झोफ्कामावशीने वर्गात सगळ्यांदेखत सांगितलं की तिने गोळ्या बंद केल्या आहेत. "अगं, तुझ्याच वडिलांनी लिहिलंय," ती अभिमानाने म्हणाली. मिर्यामने तिला डॉक्टरांकडे पाठवलं. मग वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यावर बसून, तिने फोनवर चार वेळा बोट टेकवलं.

तेवढी पोस्ट जाईल, असं तिला वाटलं होतं. खातंच गेलं. अकरा वर्षांचं लिखाण, मधपाळांचा गट, सकाळी "जागा आहेस का?" विचारणारी सातआठ माणसं, आणि मिर्यामच्या आईचे फोटो, जे अव्गुस्तनी दुसरीकडे कुठेही ठेवले नव्हते.

वडिलांचं घर वाचनालयापासून चाळीस मिनिटांवर होतं. झोफ्कामावशी बोलली त्या दुपारी ती त्यांच्याकडे जायला गाडीची किल्ली हातात घेऊन उठलीही होती. पण आई गेल्यापासून ते दोघं फक्त हवा, जेवण आणि मध यांवरच बोलत.

"लिही," अव्गुस्त म्हणाले. "महोदय, मी बावन्न वर्षं मधमाश्या पाळतो. मी कुणाचं वाईट केलेलं नाही."

तिने लिहिलं. फेरविचारासाठी काय हवं, कोणता खुलासा कुठे, हे तिला पाठ होतं. तिने त्यांच्या वाक्यांना कायद्याचे कपडे चढवले. डिंकाविषयी तिने एक अक्षरही विचारलं नाही.

"अजून एक टाक," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "ज्याने तक्रार केली, त्याने येऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर माझा राग नाही. संपला विषय."

"असं लिहायला इथे जागा नाही, बाबा."

"मग कुठे आहे?"

तिने टॅबवर बोट ठेवलं, उचललं.

"सूप गरम करू?" तिने विचारलं.

मंगळवारी सकाळी विन्कोला समोरच्या टेकडीवरून दिसलं की अव्गुस्तच्या मधपेट्यांच्या लाकडी घराचं दार उघडंच आहे. अकरा वाजले तरी उघडंच. तीन महिने ज्या अंगणात पाय ठेवला नव्हता तिथे तो चढून आला. अव्गुस्त बाकाखाली पडले होते. माश्यांना शांत करायचं धुराडं विझून गेलं होतं.

मिर्याम पोचली तेव्हा डॉक्टर स्वयंपाकघरात कागद भरत होती.

"रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या ना त्यांच्या?"

मिर्यामने खण उघडला. पाच डब्या होत्या, एकीचंही सील फोडलेलं नव्हतं. सगळ्यात जुन्या डबीवर मे महिन्याची तारीख होती. ती पोस्ट तिने चार हजार लोकांच्या नजरेआड केली होती. ज्याने लिहिली, त्याला मात्र ती काहीच बोलली नव्हती.

डॉक्टरने डब्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचं टपाल आलं. "प्रिय अव्गुस्त, तुमचा अर्ज मिळाला आहे. एक माणूस तो तपासून पाहील." ती अजून ते वाचत होती, तेवढ्यात दारावर टकटक झाली.

विन्को काळ्या कोटात उभा होता. कोट त्याला दंडात घट्ट होत होता.

"पोरी, पेट्यांना सांगितलंस का?"

"नाही."

"सांगायला हवं गं. मालक गेल्याचं कळलं नाही, तर माश्याही जातात. मी सांगू? माझा बाप गेला तेव्हा मीच सांगितलं होतं. पण तुला नको असेल तर..." त्याने टोपी हातात फिरवली. "त्याला तर मी नकोच होतो."

"चला, काका," ती म्हणाली.

गवत ओलं होतं. पेट्यांच्या घरासमोर विन्को वाकला, बोटाच्या पेराने पहिल्या पेटीवर तीनदा वाजवलं आणि शेजारच्याला निरोप द्यावा तसं म्हणाला, "अव्गुस्त गेला. आता मिर्याम आहे." दुसरी पेटी. तिसरी. चौथीपाशी तो थांबला. हात वर गेला आणि तसाच राहिला.

"तुला एक विचारू? तू शिकलेली आहेस, तुला कळेल."

"विचारा."

"नवव्या पाठाला तू म्हणालीस ना, घरी सराव करा म्हणून. मी त्याच्याच पोस्टवर केला. दुसऱ्या कुणाची पोस्ट मला सापडेना. कुठलं बटण कुठे आहे, तेवढं बघत होतो. शेवटचं दाबलं नाही, असं मला वाटतं." त्याने अंगठा पुढे केला. धारा काढून काढून जाड झालेला, भेगाळलेला. "पण हा बघ. याला कधी फोन ओळखतो, कधी नाही. बायकोला लावायला जातो आणि पशुवैद्याला लागतो."

"काका..."

"ऐक. त्याच्या दारात मी शपथ घेतली की मी नाही. तो म्हणाला, मग कोण? घरी येऊन मीही तोच विचार करत बसलो. झोफ्काला तर फोन उघडताही येत नाही. मग दुसरं आहे कोण? मीच असणार. आणि वर शपथ घेतली. त्या दिवसापासून रोज म्हणत होतो, उद्या जातो, त्याला सांगतो, बाबा रे, चुकून झालं. जायला चढ केवढासा आहे? काल मी त्याला हाका मारत होतो आणि तो बाकाखाली."

तो चौथ्या पेटीकडे वळला. कपाळ जवळजवळ फळीला टेकलं होतं.

"त्याला नाही सांगता आलं," तो म्हणाला. "यांना तरी सांगतो." आणि पेटीवर वाजवलं. "अव्गुस्त, मी..."

मिर्यामने त्याचं मनगट धरलं. तिने हळूच ते फळीवरून बाजूला केलं, आणि आपल्या बोटाने तिथेच वाजवलं. एकदा. वडिलांनी रविवारी खिडकीबाहेर बघत जी वाट मोकळी ठेवली होती, त्या वाटेवर आता कुणीही नव्हतं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "विन्कोकाकांनी नाही. तक्रार मी केली होती."