मोबाईलचं सोवळं

गंगाराम माडाच्या शेंड्याशी पोचला, डावा हात झापाच्या देठाभोवती घातला, कमरेच्या आकडीतला कोयता काढला आणि तेवढ्यात त्याच्या छातीला काहीतरी डसलं. त्याला वाटलं गांधीलमाशी. पण हे डसतच राहिलं. खिशातून धूर आला तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने कोयता देठात रुतवला, खिशासकट शर्ट ओरबाडला आणि मोबाईल खाली भिरकावला. पाण्याच्या पाटाच्या कडेला पडून तो फुसफुसत जळत राहिला.

खाली माडांच्या आगराचे मालक आप्पा उभे होते. गंगाराम कसा उतरला ते त्याचं त्यालाच ठाऊक. माडावरून उतरायचं म्हणजे खोडाला छाती लावावी लागते, आणि छातीवर तर निखारा ठेवल्यासारखं झालेलं. पाय जमिनीला टेकले तेव्हा शर्टाला हे एवढं भगदाड होतं आणि आत कातडी सुटून आली होती.

"अरे, हे यंत्र घेऊन माडावर कशाला चढायचं?" पाटातलं पाणी त्याच्या छातीवर मारत आप्पा म्हणाले.

वास्तविक आप्पांनाही कारण माहीत होतं. केळशीत त्या वेळी मोबाईलला रेंज मिळायची ती कुणाच्या गच्चीवर नाहीतर डोंगरमाथ्याच्या सड्यावर. माडाच्या शेंड्यावर मात्र भरभरून मिळायची. गंगारामचा फोन लागला की तो माडावर आहे हे अख्ख्या गावाला कळायचं. आंजर्ल्यापर्यंतची माणसं नारळ पाडायला त्याला फोनवरून बोलवायची आणि तो वरूनच दिवस ठरवायचा. पूर्वी कामासाठी दारोदार विचारत फिरायचा, ते बंद झालं होतं. त्यामुळे या फोनचा त्याला भारी अभिमान.

त्याहून मोठा अभिमान फोन दिला कुणी याचा होता. नम्रताने दिला होता, त्याच्या एकुलत्या एका लेकीने. लग्नाआधी ती काजूच्या कारखान्यात बिया सोलायला जायची. हाताची बोटं काळी करून मिळवलेल्या पगारातून तिने बाबासाठी मोबाईल घेतला आणि त्याबरोबर नियमही दिले. चार्जर दुसरा लावायचा नाही. चार्जिंगला लावून बोलायचं नाही. रात्रभर लावून झोपायचं नाही. चुलीजवळ ठेवायचा नाही, ओल्या हाताने धरायचा नाही. आणि बॅटरी फुगली तर एक दिवससुद्धा वापरायची नाही.

गंगारामने हे नियम व्रतासारखे पाळले. चार्जिंगला लावला की शेजारी राखण करत बसायचा. वीज जायची, यायची, पण हा जागचा हलायचा नाही. सोनूबाई, त्याची बायको, कुरकुरायची, "आप्पांच्या घरात पण एवढं सोवळं नाय."

"लेकीनं सांगितलंय," तो म्हणायचा. मग सोनूबाई चुलीकडे वळायची.

आणि आता सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून, नर्स छाती पुसत असताना, तो एकच गोष्ट डोक्यात घोळवत होता. चुकलं कुठे? कुठला नियम मोडला आपण? भाजलेलं दुखत होतंच, पण नम्रताला काय तोंड दाखवायचं याचं अधिक दुखत होतं.

एक गोष्ट तेवढी मनाला टोचत होती. दिवाळीनंतर फोनचं मागचं झाकण नीट बसेना. मधेच उचललं जायचं. त्याने माडावरून ठाण्याला, सासरी नम्रताला फोन लावला होता.

"खोलून बघू काय गो? बॅटरी तर फुगली नसंल?"

ती घाईघाईने म्हणाली, "नको बाबा, उघडू नका. आत धूळ जाते. एक रबर लावा वरून."

"पण फुगली तर वापरायची नाय असं तूच बोल्लेलीस."

"ती फुगायची नाही. चांगली आहे ती. उघडू मात्र नका हां."

त्याने सोनूबाईच्या वेणीचं रबर घेतलं, फोनला दुहेरी गुंडाळलं आणि पुन्हा आत डोकावलं नाही. लेकीने नको म्हटलं म्हणजे नको.

घरी आल्यावर सोनूबाईने फोनचे तुकडे पिशवीतून काढून ओटीवर मांडले. आप्पांनी ते पाठवले होते. बॅटरीचं पोट फाटलं होतं, पण एक बाजू बरीचशी शाबूत होती. सोनूबाईने ती उलटसुलट करून पाहिली.

"माजं बोट कुठाय?" ती म्हणाली.

गंगारामला आधी कळलंच नाही. मग आठवलं. दसऱ्याला त्यांनी कोयता, दोर आणि मोबाईल पाटावर मांडून पूजा केली होती. फोनचं खरं बळ बॅटरीत, म्हणून गंगारामने झाकण काढून बॅटरीच पुढे ठेवली. कोरडं कुंकू धरेना तेव्हा सोनूबाईने ते तेलात कालवून बॅटरीवरच्या कागदावर बोट ओढलं होतं. ते इतकं मुरलं की दिवाळीला आलेल्या नम्रताला झाकण उघडून दाखवलं तेव्हाही लाल दिसत होतं, आणि ती हसलीही होती.

या कागदावर कुंकू नव्हतं. आणि कागद पिवळट, कडेला झिजलेला, कुणीतरी पुष्कळ दिवस वापरलेला होता.

दिवाळसणाला जावई आला होता. विनोदचा फोनही याच कंपनीचा, याच जातीचा. सासरा-जावई एका वळणाचे म्हणून त्या दिवशी केवढी थट्टा झाली होती. गंगारामने त्याला हात धुवायला स्वतः पाणी दिलं होतं, ताटात सुरमईचा मधला तुकडा वाढायला लावला होता. आणि जाता जाता हा माणूस सासऱ्याच्या खिशात आपली फुगकी बॅटरी सारून गेला.

"जावई म्हणं," सोनूबाई उठून उभी राहिली. "विचारते मी त्याला."

"गप ऱ्हा." गंगारामने बॅटरी पिशवीत घातली. "पोरीला नांदायचंय तिथं. तिला ह्यातलं काय कळता कामा नये."

पुढच्या आठवड्यात नम्रता एकटीच आली. आल्या आल्या बाबाची छाती बघून रडली. मग दवाखान्यातली मलमाची ट्यूब घेऊन त्याच्यासमोर बसली आणि बोटाच्या टोकाने, हलक्या हाताने मलम लावू लागली. काजूच्या तेलाने काळी झालेली ती बोटं ठाण्याला राहून आता गोरी झाली होती. गंगारामला बरं वाटलं. सोनूबाई मागीलदारी भांडी घासत होती. ती असताना जे बोलता आलं नसतं, ते त्याने बोलून टाकलं, कारण लेकीच्या चेहऱ्यावरून त्याला वाटलं, तिला नवऱ्याचा संशय आला असावा आणि ती आतल्या आत जळत असावी.

"विनोदरावांना काय बोलू नको हां. त्यांनी मुद्दाम नसंल केलं. माणसाच्या हातून होतं."

नम्रताचं बोट थांबलं.

"त्यांना ठाऊकच नाही, बाबा."

"म्हंजे?"

"मी बदलली." ती खाली बघून बोलत होती. "त्यांचा फोन मी रात्रभर चार्जिंगला ठेवला. दोन-तीनदा ठेवला. बॅटरी फुगली. त्यांना कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. सासूबाई तर आधीच टपलेल्या. मला वाटलं, तुमचा नुसता बंद पडेल. मग नवी घेऊन देऊ."

"आन् मी फोन केलेला तवा?"

ती ट्यूबचं झाकण फिरवत राहिली.

"उघडू नका बोल्लीस तू."

"कुंकू दिसलं नसतं ना," ती म्हणाली. "ते मी पुसलं होतं आमच्या बॅटरीवरचं. स्पिरिटने."

आमच्या. कुंकू लावून पुजलेली गंगारामची बॅटरी आता त्यांची झाली होती. जावयाचा राग त्याने आठवडाभर जपून, दाबून ठेवला होता, त्या रागाला आता जायला जागाच उरली नाही. जावई बिचारा तिकडे कामावर होता.

"तिथं तुला भ्या वाटलं," तो म्हणाला. "आन् माजं?"

"तुम्ही रागावणार नाही, माहीत होतं मला." तिने डोळे पुसले. "तुम्ही कधीच रागवत नाही."

हे ती कौतुकाने बोलली होती. आणि खरंच बोलली होती. लहानपणी तिने कोयत्याची धार दगडावर घालून मोडली तेव्हाही तो रागावला नव्हता. आताही त्याने राग शोधून पाहिला, पण सापडला नाही. सापडता तर बरं झालं असतं, त्याच्यासाठी आणि तिच्यासाठीही. त्याला फक्त एवढंच दिसत होतं की जगात कुठे तरी ठेवावीच लागणारी जळती वस्तू लेकीने सगळा विचार करून त्याच्या छातीशी ठेवली होती.

मागीलदारी भांड्यांचा आवाज थांबला. सोनूबाई पदराला हात पुसत आत येईल आता.

"आयेला सांगू नको," तो म्हणाला.

नम्रताने मान हलवली आणि पुन्हा मलमाचं बोट पुढे केलं. गंगारामने तिचं मनगट धरलं, सावकाश बाजूला केलं आणि तिच्या मुठीतली ट्यूब काढून घेतली.

"ऱ्हाऊ दे. माजा हात पुरतो मला."

त्याने उरलेल्या भागाला स्वतः मलम लावलं. मग खुंटीवरचा शर्ट घेतला आणि ओल्या मलमावरच घातला. कापड कातडीला चिकटत होतं. तरी त्याने खालपासून वरपर्यंत एकेक करून सगळी बटणं लावली, गळ्याचंसुद्धा.