गोळी मानवली

धाकट्या जावेला बीपीची नवी गोळी सुरू झाली आणि घरात तिच्या कौतुकाला ऊत आला. दोन महिन्यांत कंबर बारीक, चेहऱ्यावर सोनेरी तेज. सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "गोळी छान मानवली हो हिला!" बीपी मलाही आहे. सहा वर्षं मी गोळी गिळतेय, पण मला ती मानवली का, हे कुणी विचारलं नाही.

आम्ही दोघी एकाच शिलाईच्या दुकानात. मी कापडाला दोरे जुळवते, ती काज-बटणं करते. गिऱ्हाइकंही तिलाच विचारायची, "चेहऱ्याला काय लावतेस गं?" माझा नुसता जळफळाट. ती अर्धं ताट टाकून उठायची, मला वाटायचं, नखरे. सारखं अंग खाजवायची, तेही नखरेच.

शेवटी लाज सोडून मी गोळीचं नाव विचारलं. तिनं आख्खं पाकीटच हातावर ठेवलं. "नाव कशाला, ताई? घेऊनच बघा, तुम्हालाही मानवेल." मी ते पर्समध्ये टाकलं.

त्याच दुपारी एका फ्रॉकला लिंबू रंगाचा दोरा हवा होता. ट्यूबखाली रंग फसतात, म्हणून आम्ही दारातल्या उन्हात गेलो. तिनं कापड धरलं, मी रीळ वर केलं. कापडाशी ते जुळेना. जुळलं तिच्या डोळ्यांतल्या पांढऱ्याशी.

खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, गप्प बसावं. कौतुक हवंय ना, घे म्हणावं. मग माझीच मला शिसारी आली. रीळ तिथंच टाकलं आणि तिचा दंड धरून दवाखाना गाठला.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "या गोळीनं यकृताला इजा झालीय. क्वचित कुणाला होतं असं. ही आजच बंद, दुसरी देतो. अजून उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं."

पर्समधलं पाकीट मी त्यांच्या टेबलावर ठेवलं.

बाहेर बाकावर तिनं माझा हात घट्ट धरला. "ताई, घरात, दुकानात इतके जण मला बघत होते. तुमच्याच कसं लक्षात आलं?"

"दोन महिने तुझ्यावरून माझी नजर हटलीय कुठं?" मी म्हटलं.

तिचे पिवळे डोळे भरून आले. तिला ती माया वाटली.