आधी छाती बरी करा

प्रांजलला सव्विसाव्या आठवड्यातच कळा आल्या आणि मुलगी झाली ती आठशे वीस ग्रॅमची. उरणच्या मोरा बंदरात तिचा नवरा प्रणित जी सुरमई एका हाताने उचलतो, तिचं वजन याहून जास्त. आज बारा दिवस झाले, लेक पनवेलच्या इस्पितळात काचेच्या पेटीत होती. मधूनच ती श्वास घ्यायची विसरायची. मग यंत्र ओरडायचं आणि सिस्टर प्राची तिच्या तळपायाला टिचकी मारून आठवण करून द्यायची. तोवर बापाचा जीव टांगणीला लागलेला असायचा.

सोमवारी सिस्टरने सांगितलं, उद्यापासून बाळाला रोज तासभर उघड्या छातीवर घ्यायचं. कातडीला कातडी लागली की अशी बाळं सावरतात, श्वास कमी विसरतात. हे काम खरं आईचं. पण प्रांजलचे टाके पिकले होते, अंगात ताप होता, वरच्या मजल्यावरून खाली यायला तिला बंदी होती. तेव्हा बाबा, तुम्हीच. स्वच्छ आंघोळ करून या, एवढंच ती म्हणाली.

एवढंच कसं? प्रणित मासळीत वाढलेला कोळी. बसमध्ये शेजारचा माणूस नाकाला रुमाल लावून सरकतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. आपल्या वासाने पोरीचा उरलासुरला श्वासही अडकेल, असं त्याच्या मनाने घेतलं. मंगळवारी सकाळी गडी न्हाणीत बसला तो काथ्या आणि कपड्यांचा साबण घेऊन. वर जंतुनाशकाची अख्खी बाटली, तीही पाणी न घालता. होडी घासतोस का अंग, असं त्याची आई ठमाबाई बाहेरून विचारत राहिली.

दुपारी त्याने सदरा काढला आणि सिस्टरने पुढे केलेले हात मागे घेतले. छाती लालभडक, ठिकठिकाणी सोललेली.

"आधी छाती बरी करा, दादा. चार दिवस. आणि साबणाला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणजे आणखी काय असतं! यंत्र ओरडलं की छातीची आग विसरून प्रणित काचेला चिकटायचा. बुधवारी ते सात वेळा ओरडलं. वर प्रांजल विचारायची, घेतलंत का तिला? डॉक्टर अजून नाय म्हणतात, असं तो सांगायचा. खोटं बोलताना त्याला तिच्याकडे बघवत नसे.

शनिवारी सिस्टरने छाती नीट निरखली, मान हलवली आणि नळ्या सांभाळत लेकीला अलगद तिथे टेकवलं. प्रणितने श्वासच रोखून धरला.

"तुम्ही श्वास घ्या," सिस्टर म्हणाली. "तुमचं बघून ती घेईल."

मूठभर जीव तो. गाल टेकवला, एक सुस्कारा टाकला आणि झोपली. तासभर यंत्र ओरडलं नाही. प्रणित खुर्चीत बसून घळाघळा रडला, पण छाती हलू न देता.

मग वर जाऊन त्याने प्रांजलला सगळं सांगितलं, काथ्यासकट. ती रागावेल असं त्याला वाटलं होतं. पण ती त्याच्या जवळ सरकली. जन्मल्याबरोबर लेकीला उचलून नेलं होतं. आईने तिला पाहिलं होतं ते फक्त मोबाइलवर.

"तिचा वास कसा हाय?" तिने विचारलं.

प्रणितला सांगता येईना. त्याने सदऱ्याची बटणं सोडली. लेकीचा गाल जिथे होता तिथेच प्रांजलने आपला तापलेला चेहरा टेकवला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला.