यूसुफचं पिस्तूल आणि मी, रीम

मित्रांनो, तो सलील माझ्याकडं बघत नाही. शुक्रवारी सकाळी माझा मालक यूसुफ याच्या बैठकीत येतो, जोडे दाराशी काढतो, सगळ्यांना सलाम करतो, कॉफी घेतो, खजुराच्या बिया बशीत नीट ओळीनं मांडतो. मी तिथंच उंबऱ्याशी पडलेली असते. मला मात्र वळसा घालून जातो. लाथ मारणारा माणूस परवडला, त्याला निदान मी दिसते तरी. नजर चुकवणाऱ्याचं काय करायचं? भित्रा असेल, असं मी बरेच दिवस समजत होते. आता समजत नाही. का, ते ऐका.

मी एक म्हातारी सलुकी आहे. सलुकी ही वाळवंटातल्या शिकारी कुत्र्यांची जात. लांब पाय, बारीक कंबर, कानांवर रेशमासारखे केस. बाकीच्या कुत्र्यांना तंबूबाहेर बसवतात, आम्हांला आत गालिच्यावर जागा असते. तेव्हा मला कुत्री म्हणायचं तर म्हणा, पण जरा जपून. शाळेत मला कुणी घातलं नाही. अरबी मुनिरानं शिकवली, आणि मराठी शिकले शेजारच्या क्षितिजाचं ऐकून ऐकून. ती बागेत कपडे वाळत घालताना माझ्याशी बोलायची. तिलाही दुसरं कोण होतं बोलायला!

माझा जन्म कुवेतमधल्या सुलैबिया गावाच्या पलीकडचा, शेळ्यांच्या गोठ्यातला. यूसुफची बायको मुनिरा हिनं मला ओंजळीनं दूध पाजलं. मी उभी राहायला शिकले ती तिच्या झग्याशी झोंबून. वर्षाची झाले आणि यूसुफनं मला पहिल्यांदा सशामागं सोडलं. काय सांगू! वाळू पायाला लागत नव्हती. ससा वळला की मी वळायची, तो थकला की मी हसायची. पाहुणे आले की यूसुफ मला बैठकीत बोलवायचा, माझ्या बरगड्यांवरून हात फिरवून म्हणायचा, "माझ्या पोरांपेक्षा ही माझं जास्त ऐकते." पोरं तोंडं वाकडी करायची. मी मान वर करून बसायची. खोटं कशाला बोलू, आवडायचं मला.

रानात यूसुफ निजला की मी त्याच्या पायाशी. कोल्हा आला, लांडगा आला, अनोळखी माणूस आला, आधी मला ओलांडावं लागायचं. त्याचं रक्षण करणारं हत्यार म्हणजे मी. दुसरं कशाला हवं होतं?

मला पिल्लंही झाली. चार निरनिराळ्या घरी गेली. शेवटची राहिली ती सायीच्या रंगाची, शेपूट माझ्यासारखी. तेव्हा आम्ही अहमदी गावात राहायचो आणि बागेच्या भिंतीपलीकडं सलीलचं घर होतं. नाशिकचा इंजिनिअर, बायको क्षितिजा, आणि एक पोरगी, ओवी. ओवीनं पिल्लाला उचललं आणि म्हणाली, "बाबा, ही बासुंदी!" झालं, नाव पडलं. यूसुफला काही ते म्हणता येईना, तो 'बासूंडी' म्हणायचा आणि ओवी खिदळायची. लेक भिंतीपलीकडंच दिल्यासारखी होती. सकाळी भिंतीच्या फटीतून नाकाला नाक लावून जायची. मला आणखी काय पाहिजे होतं?

मग सलीलनं नोकरी बदलली आणि कुवेत सिटीत फ्लॅट घेतला. इमारतीत कुत्री चालत नाहीत म्हणे. यूसुफनं विचारलं, "माझ्याकडं ठेवतोस का?" सलील म्हणाला, "नको बू याकूब, सुलैबियाच्या बाजूला एका शेतकऱ्याला दिली मी. मोठी जागा आहे, शेळ्या आहेत, मजेत राहील." याकूब हा यूसुफचा थोरला, म्हणून बाहेरचे त्याला आदरानं याकूबचा बाप म्हणतात. मी ऐकलं आणि म्हटलं, चला, लेक चांगल्या घरी पडली. माझा जन्म ज्या मुलखात झाला तिथंच गेली. माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवायची आम्हांला खोड आहे.

त्यानंतर घर रिकामं होत गेलं. मुनिरा गेली. पोरं परदेशी. यूसुफ टीव्ही लावून बसतो आणि बघत नाही. मी त्याच्याकडं बघते, तो टीव्हीकडं. स्वयंपाकघरात भांडं वाजलं तरी आम्ही दोघं कान टवकारतो, कोणी आलं का म्हणून.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघंच शिकारीला गेलो. सुलैबियाच्या पुढं वाळवंटात मोकाट कुत्र्यांची टोळी असते. बहुतेक माणसांनी सोडून दिलेली. सकाळी धुरळ्यातून ती आली. यूसुफची लांब बंदूक गाडीला टेकवलेली, आणि तो चहा ओतत होता. मी मध्ये पडले. मागच्या पायाचा लचका गेला, पण यूसुफला दात लागू दिला नाही. टोळीतली एक मागंच उभी होती, अंगावर आली नाही. वारा उलटा होता, मला वास लागला नाही. तेवढं सोडलं तर मला काही आठवत नाही.

तेव्हापासून मी लंगडते. आणि यूसुफनं ठरवलं की शिकारीला जाताना कमरेला एक छोटं पिस्तूल हवं. लंगड्या रीमवर भरवसा कसा ठेवायचा? बोलला नाही तसं, पण परवान्यासाठी खेटे घालायला लागला. परवाना हातात आला तसा दुकानात जायचं म्हणून सलीलला बोलावलं. सलीलनं आयुष्यात डास मारताना दोनदा विचार केला असेल, पण मोबाइलवर वाचून त्याला सगळं ठाऊक. मी गाडीत आधीच चढून बसले होते.

दुकानदार मला बघून म्हणाला, "हिला आत?"

"ती माझ्या आधी आत जाते," यूसुफ म्हणाला. अजून म्हणाला, हे मला बरं वाटलं.

काचेवर तीन पिस्तुलं मांडली. पहिलं लांब नळीचं. यूसुफनं कमरेला लावून बघितलं, खुर्चीवर बसला तसं ते बरगडीत रुतलं. "गाडी चालवताना हे मलाच मारील." दुसरं एवढंसं, खेळण्यातलं वाटावं असं. यूसुफचा पंजा मोठा, करंगळीला धरायला जागाच नाही. सलील म्हणाला, "बू याकूब, लहान नळी हातात उसळते जास्त. घाईच्या वेळी नेम जाईल. आणि शिकारीला नुसतं हलकं असून भागत नाही, मुठीत भरलं पाहिजे." तिसरं मधलं. मुठीत बसलं, कमरेला टोचेना. यूसुफनं ते रिकामं वर केलं, खाली केलं, पुन्हा वर केलं. तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. अंगात पातळ झगा, दुकानात थंडगार हवा, समोर कोणी नाही. अशा ठिकाणी कोणाचाही हात झटकन येतो, मित्रांनो.

"कशापासून संरक्षण पाहिजे?" दुकानदारानं विचारलं.

"कुत्र्यांपासून."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी त्याच्याकडं बघितलं. सलीलनं छताकडं बघितलं.

हंगाम उघडला. यूसुफ मला घरी ठेवणार होता. मी गाडीच्या मागच्या फळीवर पुढचे दोन पाय ठेवले आणि थांबले. मागचा पाय उचलेना. यूसुफनं एक सुस्कारा सोडला आणि कमरेला धरून मला वर चढवलं. लाज वाटली. पण चढले.

रस्त्यात सलील म्हणाला, "यंदा दक्षिणेला जाऊ या का? सुलैबियाकडं फार गर्दी असते."

"तीन पिढ्या आम्ही तिकडंच जातो," यूसुफ म्हणाला. "आणि आता माझ्याकडं हे आहे." त्यानं कंबर थोपटली. सलील खिडकीबाहेर बघायला लागला.

थंडी सपाटून होती. यूसुफनं अंगावर फरवा घातला, म्हणजे आतून लोकर असलेला जाड झगा, पायघोळ. पिस्तूल त्याच्याखाली गेलं. पाखरं काही मिळाली नाहीत. जुन्या तारेच्या कुंपणाशी चहाला बसलो आणि उंचवट्यावरून टोळी आली. पुढं एक फिकट रंगाची, कान फाटलेला, पळण्यात मात्र देखणी. मी उठेपर्यंत तिनं निम्मं अंतर कापलं होतं.

यूसुफनं पिस्तूल उपसलं. उपसलं म्हणजे काय, उपसायला गेला. लोकरीत अडकलं. तो ओढतोय आणि लोकर सोडत नाही. इतकं वजन तोललं, इतकी मूठ मोजली, आणि अंगावर हिवाळ्याचा झगा असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही!

सलील जीव खाऊन मराठीत ओरडला, "थांब! थांब तिथंच!"

ती फिकट कुत्री थांबली. जमिनीत रोवल्यासारखी. मागची टोळी गोंधळली, इकडंतिकडं पांगली. तेवढ्यात पिस्तूल लोकरीतून सुटलं, आणि यूसुफनं नेम धरला तो थांबलेलीवरच. समोर स्थिर तीच होती ना.

तेव्हा वारा फिरला.

ज्या अंगाला मी चाटून चाटून वाढवलं त्याचा वास मला चुकेल का? मी तीन पायांवर गेले आणि पिस्तुलासमोर आडवी उभी राहिले.

"रीम, बाजूला हो!" यूसुफ ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचं ऐकलं नाही. "रीम! काय झालंय तुला?"

माझ्या मागं ती खाली बसली आणि तिनं उजवा पाय वर केला. थांबल्यावर टाळी द्यायची आणि मग बिस्कीट मिळतं, हे ओवीनं तिला शिकवलं होतं. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी अवस्था, आणि पाय वर. सलीलकडं बघत.

यूसुफनं हात उंच केला आणि आभाळात एक गोळी सोडली. टोळी पळाली. बासुंदी पळाली नाही. अंग थरथरत होतं, पण जागची हलली नाही. तिला थांब म्हटलं होतं.

"बासूंडी," यूसुफ हळूच म्हणाला. मग सलीलकडं वळला. "तू शेतकऱ्याला दिली होतीस."

सलील म्हणाला, "शेतं आहेत ना जवळ... वाटलं, कोणीतरी घेऊन जाईल. बू याकूब, दुसऱ्या दिवशी सामान हलवायचं होतं. कुणी घेईना. मी..."

"माझं घर भिंतीपलीकडं होतं."

"तुमच्याकडं वहिनी आजारी होत्या. आणखी एक जीव कसा लादायचा तुमच्यावर?"

"कुठं सोडलीस?"

"इथंच. या कुंपणाशी." मग अगदी बारीक आवाजात, "थांब, आलोच, म्हणालो तिला."

यूसुफनं पिस्तुलातल्या गोळ्या काढल्या, ते डब्यात घालून सीटखाली सरकवलं. फरवा काढून बासुंदीला गुंडाळली आणि थंडीत नुसत्या झग्यावर गाडी चालवत घरी आला. सलीलकडं वाटेत कोणी बघितलं नाही.

आता ती आमच्याकडं असते. तुम्हांला वाटेल, मायलेकी भेटल्या, झालं. तसं नसतं, मित्रांनो. ती माझ्याजवळ निजत नाही. फाटकाशी बसते. गाडी थांबली की उठते, माणूस उतरला की बघते, सलील असला तरी त्याच्या मागं ओवी शोधते, आणि परत बसते. मी उंबऱ्याशी, ती फाटकाशी. मधल्या अंगणात कोणी नाही. ओवी अजून बापाला विचारते म्हणे, "बाबा, बासुंदीचा एक फोटो तरी, प्लीज." आणि बाप सांगतो, शेतकऱ्याकडं मोबाइल नाही.

मुलांनो, पिल्लू घरी आणायचं असेल तर आधी ते म्हातारं झालेलं मनात आणून बघा. त्याला औषध लागेल, त्याला जिना चढवणार नाही, तुमची बदली होईल, इमारत नको म्हणेल. हे सगळं धरूनसुद्धा हवं असेल तर आणा. नाहीतर लांबूनच लाड करा, आमची काही तक्रार नाही. आम्हांला घर मोठं लागत नाही. दिलेला शब्द लागतो.

काल शुक्रवार होता. सलील आला, जोडे काढले, आणि मला वळसा घालायला पाय उचलला. मी उठले. दारात आडवी उभी राहिले आणि सगळ्या बैठकीदेखत मोठ्यानं बोलले. त्यांना भुंकणं ऐकू आलं असेल, ज्याचं त्याला कळलं. मी म्हणाले,

"सलील, इकडं बघ. माझ्याकडं बघ. तू थांब म्हणालास आणि माझी लेक उपाशी थांबली. तिच्यापासून वाचायला तुम्ही पिस्तूल शोधत फिरलात, आणि वाचलास तो तिनं तुझं ऐकलं म्हणून. तू वाईट नाहीस रे, तू सोपं बघणारा आहेस, आणि ते जास्त वाईट. जोडे घाल. घरी जा, ओवीला सगळं खरं सांग आणि तिला इथं घेऊन ये. तोवर या घरातली कॉफी तुला नाही."