एक काज वर

मास्तरांचा डावा पाय रुसला तो एका कोटाची बाही जोडता जोडता. पायमशीन चालू होतं, बाही मुंढ्यात छान बसत होती, आणि मध्येच सुई थांबली. मास्तरांना वाटलं, मशीनचा पट्टा सुटला असेल. वाकून बघितलं तर पट्टा जागच्या जागी होता, हलायचा थांबला होता तो पाय. मग दवाखाना, सलाइन, नातेवाइकांचे सल्ले असं सगळं यथासांग झालं. वाकडं झालेलं तोंड पंधरवड्यात सरळ झालं, हात तर असा परत आला की जणू कधी गेलाच नव्हता, पण पाय काही केल्या मनावर घेईना. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही महिन्यांत जेवढा परत येईल तेवढा आपला, नंतर आहे त्यात भागवायचं. मास्तरांनी तेवढंच लक्षात ठेवलं. विजेवर चालणारं मशीन त्यांनी जन्मात वापरलं नव्हतं. कापडाचा वेग पायाला कळतो, बटणाला काय कळणार, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे. म्हणजे पाय नाही तर दुकान नाही, आणि दुकान नाही तर मास्तर म्हणजे नुसते एक म्हातारे गृहस्थ, ज्यांना दुपारभर कुठे बसवून ठेवायचं हा त्यांच्या बायकोपुढचा रोजचा पेच.

पायाचे व्यायाम घ्यायला एक तरुण फिजिओबाई घरी येत. त्यांनी सायकलीचं नाव काढायचा अवकाश, परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने तिकडूनच एक व्यायामाची सायकल धाडून दिली. खोकं उघडलं तेव्हा आत सायकल नव्हतीच. नुसते दांडे, नटबोल्ट, एक जड चाक बसवलेला सांगाडा, आणि प्रत्येक वस्तूला अंगडं घालावं तसं प्लास्टिक.

"ते पुस्तक वाचा की आधी," बायको म्हणाली.

"कोट शिवताना मी पुस्तक वाचतो का?"

"कोटावरून पडून कुणाचं कंबरडं मोडत नाही."

मास्तर जमिनीवर फतकल मारून बसले आणि आयुष्यभर जे केलं तेच त्यांनी इथेही केलं. आधी कच्चा टाका. पुढचा आडवा पाय, मागचा आडवा पाय, हँडल, सीटखालचा दांडा, सगळं नुसतं बोटांनी अडकवून ठेवलं. पक्कं करायचं ते ट्रायल झाल्यावर. उजवं पेडल निमूटपणे बसलं. डावं मात्र आटे धरीना. मास्तरांचा चेहरा लाल झाला तेव्हा बायकोने चष्मा चढवून पुस्तकात डोकं घातलं.

"डावं उलट्या बाजूने फिरवायचं, असं लिहिलंय. डाव्याचे आटेच उलटे असतात म्हणे."

"ते मला सांगायला पुस्तक कशाला हवं," मास्तर स्वतःच्या पायाकडे बघून म्हणाले, आणि दोघंही बऱ्याच दिवसांनी पोट धरून हसली.

ट्रायल मात्र हसण्यावारी गेली नाही. मास्तर वर चढले, सीटने एक सुस्कारा टाकला आणि ती त्यांना घेऊन खाली आली. हँडल एकीकडे, मास्तर दुसरीकडे. बायकोने मागून काखेत हात घालून धरलं म्हणून निभावलं.

दुसऱ्या दिवशी फिजिओबाईंनी ही कथा ऐकून कपाळाला हात लावला. "काका, माणूस अंगात कोट घालून पळतो का, टाके कच्चे असताना?" त्यांनी स्वतः पाना घेऊन एकेक नट आवळला, सायकल भिंतीपासून हातभर पुढे ओढली, खाली रबराची चटई घातली. सीटखालच्या दांड्याला ओळीने भोकं होती, मास्तर त्यांना काजंच म्हणायचे. त्यातल्या योग्य काजात खीळ आरपार गेली पाहिजे आणि मगच तिची मूठ घट्ट पिळायची, हे बाईंनी त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला हवा. बसल्यावर कंबर या बाजूची त्या बाजूला झुलायला लागली तर सीट उंच झाली, समजायचं. जोर वाढवायची चकती आत्ता सैलच ठेवायची. चालतं चाक पायाने थांबवायचं नाही. डाव्या पायाचा पट्टा ढिला, कारण त्या पायाला सूज होती. आणि काकू शेजारी उभ्या असल्याशिवाय वर चढायचं नाही.

"म्हणजे पहारा," मास्तर म्हणाले.

"असू दे. एवढे दिवस मी तुमच्या पहाऱ्यात काढले," काकूंनी निकाल दिला.

असे काही दिवस बरे गेले. उजवा पाय ढकलायचा, डावा आळशी पाहुण्यासारखा नुसता फिरून यायचा, पण यायचा खरा. मग एका सकाळी मास्तर सायकलीवर बसायला गेले आणि त्यांना टाच टेकवेना. बघतात तर सीट एक काज वर.

"अगं, सीटला हात लावलास का?"

"मी कशाला हात लावू त्या धुडाला? मी केर काढतानासुद्धा वळसा घालून जाते."

मास्तरांनी सीट खाली घेतली आणि मूठ पिळली. दुसऱ्या दिवशी ती परत वर. आता सैल सीट खाली घसरते हे त्यांनी स्वतःच्या अंगावर अनुभवलं होतं, पण सैल सीट वर चढल्याचं कुणी ऐकलंय? खीळ ओढून काढल्याशिवाय ती जागची हलत नाही, आणि वरच्या काजात ती व्यवस्थित आरपार गेलेली, मूठ आवळलेली, अगदी बाईंनी शिकवली तशी. मास्तरांनी दांड्यावर खडूची रेघ मारली. सकाळी रेघ जशीच्या तशी, सीट वर. बायकोने त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पोलक्यात खोचून झोपली. सकाळी कुलूप जसंच्या तसं, सीट वर.

"चोर येतो, सायकल चालवतो आणि घाम पुसून जातो, असं म्हणायचं का आपण?" बायको हसत म्हणाली, पण त्या खोलीला तिने परत कुलूप लावलं नाही, आणि तिथे केर काढणंही तिने सोडून दिलं.

मास्तरांना भीती वाटायला हवी होती. वाटलं ते कुतूहल. रस्त्यातून जाणाऱ्या माणसाच्या नुसत्या पाठीवरून ते त्याच्या कोटाचं माप सांगायचे. खुर्चीवर टाकलेला सदरा बघून, याचा मालक एका खांद्यावर पिशवी अडकवतो, हे ओळखायचे. तेव्हा एके सकाळी त्यांनी सीट खाली न घेता गळ्यात टेप अडकवला आणि सायकलीवर न दिसणारं जे कुणी बसलं होतं त्याचं माप घ्यायला सुरुवात केली. सीटपासून खालच्या पेडलपर्यंत, म्हणजे पायाची आतली शिवण. सीटपासून हँडलपर्यंत, म्हणजे पाठ आणि हात. हँडलही थोडं पुढे सरकलेलं होतं, हे त्यांना टेपनेच सांगितलं. दोन्ही पायांचे पट्टे सारख्याच घरात आवळलेले. म्हणजे पुरुष, लांब पायांचा, ताठ पाठीचा, आणि दोन्ही पावलं एकसारखी. सूज नाही, लंगड नाही.

"कोण आहे?" दारातून बायकोने विचारलं. आत यायला ती तयार नव्हती.

"गिऱ्हाईक जुनं आहे," मास्तर पुटपुटले. हे माप त्यांच्या हाताखालून गेलेलं होतं, नक्की गेलेलं होतं, पण माणूस आठवेना. शहरातले सगळे लांब तंगड्यांचे लोक त्यांनी डोळ्यांपुढून फिरवले. शेवटी दुपारी त्यांनी कपाट उघडलं, स्वतःसाठी शिवलेली, आजारपणापासून घडी न मोडलेली राखी पँट काढली, सायकलीशी नेली आणि सीटवरून खाली सोडली. पँटची मोहरी पेडलवर अलगद टेकली. इंचाचाही फरक नाही.

आता मास्तरांचं माप ते राहिलं नव्हतं. डावा गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता, पाठीला बाक आला होता, बायको त्यांच्या पँटी खालून दुमडून देत होती. पण कपडा खोटं बोलत नाही. रोज त्यांच्याआधी या सीटवर जो येऊन बसत होता तो मास्तरच होते, दोन्ही पायांनी धडधाकट.

त्या दुपारी मास्तर पलंगावर पडून एकाच गोष्टीचा कीस काढत राहिले. हा होऊन गेलेला आहे, की यायचा आहे? होऊन गेलेला असला तर तो नुसता खिजवायला येतो. यायचा असला तर मात्र गोष्ट वेगळी.

धीर धरणं हा शिंप्याचा धर्म असला तरी मास्तरांचा त्या दिवशी सुटला. बायको शेजारी गेलेली पाहून ते त्या उंच सीटवर चढले. उजवा पाय टेकला. डाव्याचा अंगठा पेडलवर कसाबसा पोचला, कंबर झोपाळ्यासारखी झुलली, पाऊल निसटलं आणि सुटलेलं पेडल गरकन फिरून त्यांच्या पोटरीवर असं बसलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायको धावत आली तेव्हा ते हँडलला मिठी मारून लोंबकळत होते.

"काय करत होतात?"

"ट्रायल घेत होतो."

तिने त्यांना खाली उतरवलं आणि पोटरीला बर्फ लावला. मग म्हणाली, "अहो, तो जो कोण येतो त्याला येऊ दे. तुम्ही तुमच्या काजात बसा."

तेच मास्तरांनी केलं. रोज सकाळी सीट खाली घ्यायची, खीळ आरपार, मूठ घट्ट, पट्टा ढिला, शेजारी बायकोचा पहारा, आणि आपल्या मापात पेडल मारायचं. भांडण संपलं. उलट सीट वर दिसली की त्यांना बरं वाटायला लागलं, जसं गिऱ्हाईक अजून वाट बघतंय, दुसऱ्या शिंप्याकडे गेलेलं नाही. "आलं होतं का?" बायको चहा देताना विचारायची आणि मास्तर मान डोलवायचे. डाव्या पायाने आधी आळस सोडला, मग तो थोडा ढकलायला लागला, मग एकदा फिजिओबाईंनी उजव्याचा पट्टा सोडायला लावून एकट्या डाव्याकडून चाक फिरवून घेतलं, आणि खाली वाकून गुडघा नीट निरखत त्या म्हणाल्या, "काका, आता सीट एक काज वर घ्यायला हरकत नाही."

नवरा-बायकोंनी एकमेकांकडे बघितलं.

"उद्यापासून घेतो," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घ्यावी लागली नाही. सीट वर होतीच. मास्तर बसले, गुडघा किंचित वाकला, कंबर जागची हलली नाही, आणि ते पेडल मारत राहिले ते बायकोने चकती सैल करून "पुरे" म्हणेपर्यंत. त्या दिवसापासून सायकल शहाण्यासारखी वागायला लागली. जिथे ठेवाल तिथे सीट.

दुकानाचं दार उघडलं तेव्हा अर्धवट बाहीचा तो कोट अजून मशीनवर पडलेला होता. मास्तरांनी धूळ झटकली, दोन्ही पावलं मशीनच्या जाळीवर ठेवली आणि हलकेच दाबली. पट्टा सरकला, चाक फिरलं, सुई खाली गेली. बाही पुरी झाली. कोटाचा मालक मधल्या काळात इतका सुटला होता की शिवणी उसवून कोट परत मोठा करावा लागला, आणि एवढ्या आनंदाने मास्तरांनी आजवर कुणाचाही कोट उसवला नव्हता.

सायकल त्यांनी सोडली नाही. सकाळचा चहा, मग सायकल, मग दुकान. बायकोही आता त्या खोलीत बिनधास्त जायची, हँडलवर टॉवेल वाळत घालायची.

अशाच एका स्वच्छ सकाळी मास्तर टॉवेल उचलायला गेले आणि थांबले. सीट खाली होती. एक काज नाही, पार खालच्या काजांपैकी एकात. हँडल बरंच आत ओढलेलं. पट्टे लहान पावलांपुरते आवळलेले, आणि त्यातला उजवा ढिला, सुजेच्या दिवसांत मास्तरांचा डावा असायचा तसा. खीळ आरपार गेलेली, मूठ आवळलेली.

टेप गळ्यातच होता, पण त्यांनी तो काढला नाही. सीटवर एक हात ठेवला, पेडलवर दुसरा, आणि मधलं अंतर नुसतं हातांनी धरून ते बराच वेळ उभे राहिले. या मापाला त्यांना टेप कधीच लागला नव्हता.

बाहेर बायको स्टुलावर चढून पडदे अडकवत होती, काहीतरी गुणगुणत. मास्तरांनी पाना आणला. पुढच्या पायाचे नट, मागच्या पायाचे नट, हँडल, दोन्ही पेडलं, डावं उलट्या बाजूने. एकेक करून सगळं आवळून बघितलं. चकती सैल केली. रबराची चटई सरळ केली. मग दाराशी आले.

"जरा इकडे येतेस? बसून बघ एकदा."

"मी?" ती स्टुलावरून टुणकन उतरली आणि पदराला हात पुसत हसली. "मला काय धाड भरलीये?"

"बस तरी."

ती नवऱ्याची समजूत काढावी तशी सायकलीवर चढून बसली. मास्तरांनी खाली वाकून तिचं उजवं पाऊल हातात घेतलं, पेडलवर ठेवलं आणि पेडल सगळ्यात खाली आणलं. गुडघा किंचित वाकला. कंबर जागची हलली नाही.

"अगं बाई," ती म्हणाली, "माझ्यासाठीच लावून ठेवली होतीत की काय?"