समोरची खोली

या, जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरका, आवाज चढवून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. तळ्याकाठच्या एका लहानशा शहरातली आहे, आणि तिथे उतरलेल्या एका पाहुणीची. हिच्यात राजा नाही, राणी नाही, चमत्कारही नाही. पण देव चमत्कारातच भेटतो असं कुणी सांगितलंय? कधीकधी तो चहाचा कप घेऊन जिना चढतो. ऐका तर.

"उठव मला," थोरली म्हणाली. "गादी गुंडाळ आणि मागे नेऊन टाक. दुपारच्या गाडीने पाहुणे येतील आणि मी इथे पसरलेली दिसले, तर काय म्हणतील?"

"म्हणू देत," धाकटी म्हणाली.

"म्हणू देत? अगं, म्हणणाऱ्यांच्या जिवावर चूल पेटते आपली!"

एवढं बोलून तिला दम लागला. धाकटीने पाठीमागे उशी सरकवली.

थोरली म्हणजे सासू आणि धाकटी म्हणजे सून. सगळी गल्ली त्यांना हेच म्हणायची. धाकटीचे केस अर्धे पिकले होते, गुडघे जिन्यावर कुरकुरत होते, पण थोरली आहे तोवर ती धाकटीच. घरात तिसरा थोरलीचा मुलगा, धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडायचा. तो दोघींच्या बोलण्यात पडायचा नाही. त्यातच त्याचं शहाणपण होतं.

त्या गल्लीची एक रीत होती. शाळांना सुट्ट्या लागल्या की सीझन सुरू. मग तळ्याकडे तोंड असलेली प्रत्येक खोली पाहुण्यांची. घरची माणसं पडदे धुऊन लावायची, भिंतीवरचे घरचे फोटो उतरवायची, आपली अंथरुणं उचलायची आणि मागे जायची. मागची खोली म्हणजे गॅसच्या टाक्या, जादा गाद्यांची चळत आणि पाणी तापवायचा बंब. खिडकी उघडली तर शेजारच्यांची भिंत. सीझनभर बोलायचं ते दबक्या आवाजात, भांडायचं ते डोळ्यांनी. लोक लांबलांबून तळं बघायला यायचे आणि काठावर घर असलेल्या माणसांना ते घरातून दिसायचं नाही. लाँचचा भोंगा तेवढा ऐकू यायचा.

थोरलीच्या घरात ही रीत थोरलीनेच घातली होती आणि मोडूही दिली नव्हती. तिचं बाळंतपण बंबाशेजारी झालं. तिचा नवरा आजारी पडला तो तिथेच. धाकटी लग्न होऊन आली ती ऐन सीझनमध्ये. मैत्रिणींनी हेवा केला होता, तळ्याकाठचं घर मिळालं म्हणून! आणि ही आपली दीड महिना गाद्यांच्या चळतीला पाठ लावून निजत होती. शेवटचे पाहुणे गेले त्या दिवशी थोरलीने तिला हाताला धरून समोरच्या खोलीत नेलं, खिडकी उघडली आणि म्हणाली, "घे, बघ पोटभर. आता सीझन येईपर्यंत हे आपलं."

धाकटी त्या दिवशी रडली होती. रागाने की आनंदाने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

या वेळी मात्र गोष्ट वेगळी होती. थोरली समोरच्या खोलीत अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर आदल्या दिवशी येऊन गेले. जिन्यात थांबून धाकटीला म्हणाले, "औषधाचं काम संपलंय. मोकळी हवा असू द्या. जितके दिवस आहेत, तितके सुखाने जाऊ द्या."

मागच्या खोलीत हवा कुठली? धडधाकट माणसाचा जीव घुसमटायचा तिथे. धाकटीने रात्रभर विचार केला. सकाळी नवऱ्याला म्हणाली, "अहो, आईंना मी मागे नेणार नाही."

"आई ऐकणार नाही," तो म्हणाला.

"ऐकवीन."

आणि आता थोरली ऐकत नव्हती. "माझ्यापायी आलेलं गिऱ्हाईक परत जाणार? मरेन, पण हे नाही व्हायचं. उचल."

धाकटीने पदर खोचला. क्षणभर वाटलं, ही खरंच गादी उचलतेय. पण ती खाटेच्या कडेला बसली.

"आई, ही खोली देता यायची नाही. ही आधीच दिलीय."

"कुणाला?"

"आहेत एक बाई. वयस्कर आहेत, एकट्याच. तब्येत नाजूक, हवापालटाला आल्यात. कधी जाणार ते त्यांनाही ठाऊक नाही. पण पाहुण्या आहेत. आणि तुम्हीच शिकवलंय ना मला, आलेल्या पाहुण्याला मधेच उठवायचं नाही?"

थोरली तिच्याकडे बघत राहिली. ओठाचा कोपरा हलला.

"फार शहाणी झालीस गं."

"सासू चांगली मिळाली."

थोरलीने डोळे मिटले. धाकटीला वाटलं, रागावल्या. तेवढ्यात खाटेवरून खणखणीत आवाज आला, "अहो बाई! या तुमच्या घरात पाहुण्यांना चहा देतात की नुसतं बोलतात? आणि हा सकाळचा चहा होता की भांडी विसळलेलं पाणी?"

धाकटी तोंडाला पदर लावून जिना उतरली. हसत होती म्हणा, नाहीतर आणखी काही.

दुपारी पाहुणे आले. नवरा-बायको. बाई बँकेत कामाला, बोलायला फटकळ. धाकटीने त्यांना तळं न दिसणारी मधली खोली दिली आणि खाली बघत म्हणाली, "समोरच्या खोलीतल्या पाहुण्या अजून गेल्या नाहीत हो. आजारी आहेत."

"अहो, आम्ही त्या खिडकीसाठी तर आलो!" बँकवाल्या बाई कडाडल्या. नवऱ्याने बॅगा उचलल्या, पुन्हा ठेवल्या, पुन्हा उचलल्या. गावात दुसरीकडे जागा मिळण्यासारखी नव्हती. शेवटी राहिले. पण बाईंचा जीव खिडकीत. संध्याकाळी त्या तरातरा वर गेल्या. दार उघडंच होतं.

"आजी, येऊ का? खिडकीतून जरा बघते नि जाते."

"ये की. खिडकी काय माझ्या बापाची आहे? मीही तुझ्यासारखीच उतारू."

खाली तळ्यावर उन्हं कलली होती. पायडलच्या बोटी पिवळ्या, तांबड्या, एकमेकींना धडकत होत्या. काठावर पोरं ओरडत होती, कुणाचा तरी फुगा सुटून पाण्यावरून चालला होता. थोरली मान उंच करून बघत होती.

"किती माणसं गं ही! एवढी येतात? आणि बघितलंस, प्रत्येकाचं तोंड हसरं. मी आपली आजवर चादरीच मोजत आले." ती दमून उशीवर टेकली. "यासाठी येतात होय लोक!"

बँकवाल्या बाईंना त्यातलं सगळं कळलं नाही. पण त्या खुर्ची ओढून बसल्या. "आजी, घरी कोण असतं तुमच्या?"

"लेक आहे, सून आहे."

"आणि तुम्ही इथे एकट्या?"

"कामाची माणसं आहेत ती. त्यांचा सीझन असतो."

"सून कशी आहे?"

दारात धाकटी औषधाची वाटी घेऊन उभी होती. थोरलीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बरी आहे. चहा पांचट करते."

रात्री जेवायला वाढताना बँकवाल्या बाई धाकटीला म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण त्या आजींच्या सुनेला काही लाज? मरायला टेकलेल्या सासूला परक्या घरी टाकून द्यायचं! आणि तुम्ही बघा, परक्या असून सगळं करताय."

धाकटीच्या हातातला डाव थांबला. मागच्या दारात तिचा नवरा उभा होता. तो काही बोलणार, तेवढ्यात धाकटीने त्याच्याकडे बघितलं आणि तो माघारी वळला.

"खरंय हो," ती म्हणाली. "एकेक सुना असतात. भात वाढू?"

कारण सांगायला गेली असती, तर घरच्या माणसासाठी पाहुण्यांची खोली अडवली असं झालं असतं. ते थोरलीच्या कानावर गेलं असतं, की ती रांगत मागच्या खोलीत गेली असती. ते धाकटीला ठाऊक होतं. म्हणून तिने तो शब्द गिळला. कडू औषध गिळतात, तसा.

पुढचे दिवस थोरली पाहुणी होऊन राहिली. उशी टणक आहे, पाणी गार आहे, नोकरमाणसं ऐकत नाहीत, अशा तक्रारी करायची. धाकटी "हो बाई, करते बाई" म्हणायची. संध्याकाळी बँकवाल्या बाई येऊन बसायच्या आणि तिघी मिळून तळं बघायच्या. उभ्या जन्मात सासू-सुनेने भर सीझनमध्ये त्या खिडकीतून तळं बघितलं ते तेवढंच.

एका सकाळी धाकटी वर गेली, तर थोरलीची मान खिडकीकडे वळलेली होती आणि श्वास थांबला होता. पहिली लाँच सुटत होती. धाकटी ओरडली नाही. या घरातल्या बायकांना ओरडायची सवयच नव्हती. तिने पाणी आणलं, तोंड पुसलं आणि फणी घेऊन थोरलीचे केस विंचरायला बसली.

बँकवाल्या बाई आल्या आणि दारातच रडू लागल्या. "गेल्या? अरे देवा! त्यांच्या घरी कळवलंत का?"

"कळवलं."

"मुलाला?"

"निघालाय तो."

"आणि त्या सुनेला?"

धाकटीने केसांतली एक गाठ बोटांनी हलकेच सोडवली. "कळलंय तिला."

जिन्यावर पावलं वाजली. धक्क्यावरून तिकीटवाला तसाच आला होता, खांद्याला तिकिटांची पिशवी. तो खाटेशी बसला, पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाला, "आई."

बँकवाल्या बाईंनी त्याच्याकडे बघितलं. मग धाकटीकडे. डोळे पुसून त्या धाकटीजवळ गेल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दार हळूच ओढून घेऊन बाहेर पडल्या. खाली त्यांचा नवरा बॅग भरता भरता फोनवर कुणाशी मोठ्याने हसत होता.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "घरात माणसं आहेत."

तर मंडळी, कधी अशा तळ्याकाठी जाल, समोरची खोली मिळेल, खिडकी उघडाल, तेव्हा तळं डोळे भरून बघा. देवाने ते बघण्यासाठीच केलंय. पण बघून झालं की घडीभर आमच्या थोरलीची आठवण काढा.